चार टेबलांची चार पत्रं

इंगेलीसे गेल्याचं ऑफिसात कळलं ते गुरुवारी सकाळी, सगळे फळ्यापुढं उभे असताना. नगरपालिकेच्या वित्त विभागात रोज असंच उभं राहायचं, हातात कॉफीचा मग धरून, आणि कुणाचं काम कुठं अडलंय ते फळ्यावरच्या कार्डांकडं बोट करून सांगायचं. बसायचं नाही, कारण बसलं की माणसं लांबण लावतात. हा नियम इंगेलीसेचाच. फोन वाजला तो विभागप्रमुख गुनवोरनं घेतला. पलीकडं थॉरकिल होता, इंगेलीसेचा नवरा. तोही त्याच विभागात, कराच्या टेबलावर.

"इंगेलीसे गेली," तो म्हणाला. "सकाळी. मोजे घालताना." मग म्हणाला, "उद्या ऑफिसात न्याहारीचे पाव आणायची पाळी आमची होती. दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"पावांचं बघते मी," गुनवोर म्हणाली. 

दफन झाल्यावर थॉरकिल पुन्हा कामावर येऊ लागला. घरी बसून तरी काय करणार होता? झोपून उठला तरी अंग दुखायचं. ऑफिसात तो आला की लोक आवाज खाली करायचे, त्याचाही त्याला शीण व्हायचा.

फळ्यावरची पुसता येणारी प्लास्टिकची कार्डं डावीकडून उजवीकडं सरकायची. डावीकडं नुसतं सुचलेलं, मधे चाललेलं, उजवीकडं झालेलं. मधल्या रकान्यात एक कार्ड मात्र हलत नव्हतं. त्यावर इंगेलीसेच्या जाड अक्षरात लिहिलेलं होतं: 'माणूस गेलं की घरी आपली चार पत्रं जातात. एक पुरे.' खाली तिचं नाव.

मृत्यूची नोंद झाली की बातमी कर, पाणी, कचरा आणि घरसेवा अशा चारही टेबलांवर वेगवेगळी यायची. प्रत्येक टेबल आपापलं पत्र घरी धाडायचं, की मयताचे व्यवहार आता कोण बघणार ते कळवा. घरच्यांनी एकच गोष्ट चारदा लिहायची. इंगेलीसेला याचा फार राग यायचा. तिनं ते काम हातात घेतलं होतं, आणि तेवढ्यात हे झालं.

न हलणारं कार्ड उतरवायचं, नाहीतर त्यावर दुसऱ्याचं नाव घालायचं, अशी रीत होती. एका कार्डावर एकच नाव.

गुनवोरनं त्याला बाजूला घेतलं. "ते कार्ड तू घेशील?"

"नको."

"मग काढू का?"

"नको."

"अरे, दोन्हीला नको म्हणून कसं चालेल?"

"राहू दे ना जरा. कुणाच्या डोळ्यांत खुपतंय?"

तिचे कपडे त्यानं देऊन टाकले होते, सायकल भाचीला दिली होती. पण ते नाव आपल्याच हातानं पुसायचं म्हटलं की त्याचा हात उचलत नव्हता.

मग एका संध्याकाळी फाटकाशी पत्रपेटीत त्याला चार पाकिटं एकदम मिळाली. चारही आपल्याच ऑफिसची, इंगेलीसेच्या नावानं. 'आमच्या पहिल्या पत्रास उत्तर न मिळाल्यामुळे' अशी चारही पत्रांची सुरुवात. पहिलं पत्र तर एकही आलेलं नव्हतं. कराच्या पत्राखाली छापलं होतं: आपला, थॉरकिल. तो तिथंच गारठ्यात उभा राहिला. आपलंच नाव त्यानं दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चारही पत्रं चुंबकांनी फळ्यावर लावली.

"पहिलं पत्र कुणी पाठवलंच नाही," तो म्हणाला.

पाण्याच्या टेबलावरचा आडदांड आस्गर कानापर्यंत लाल झाला. "माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुला कसं पाठवणार होतो मी?"

"माझ्याकडं पण," घरसेवेची बोदिल म्हणाली. "म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत."

"कचऱ्याचं मी अडवलं," गुनवोर म्हणाली. "आणि हे चौथं? त्यावर तुझंच नाव आहे."

"ते मीच ठेवलं होतं. पाठवायचं कुणाला? मलाच?"

प्रत्येकानं दुसऱ्याला न सांगता पत्र दाबून ठेवलं होतं, आणि पत्रं काढणारी मशीनं बिचारी उत्तराची वाट बघत होती. मुदत संपली तसं त्यांनी चारही स्मरणपत्रं परस्पर टपालात टाकली.

बोदिलला एकदम हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला. "इंगेलीसे असती तर तुम्हाला उभं-आडवं घेतलं असतं."

"उभेच आहोत की," आस्गर म्हणाला.

थॉरकिलही हसला.  मग त्यानं फळ्याखालचं फडकं घेतलं आणि तिचं नाव पुसायला लागला. शाई जुनी झाली होती, निघेना. फडकं मगातल्या गार कॉफीत बुडवून त्यानं पुन्हा घासलं. त्या जागी आपलं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"पुढचं कार्ड," गुनवोर हळूच म्हणाली.

त्यानंतर हिवाळाभर चारांचं एक पत्र करायला तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. कराचं त्याच्याच हातात होतं, कचऱ्याचं गुनवोरनं लगेच जोडून दिलं. बोदिलनं बरेच आढेवेढे घेतले. "तुझं टपाल कमी होणार, आणि लोकांचे फोन मी घ्यायचे होय रे?" पण शेवटी तीही तयार झाली. अडलं ते आस्गरपाशी.

"पाण्याचं मशीन पाणी कंपनीचं," आस्गर म्हणाला. "पत्र तिकडून तयार होऊनच माझ्याकडं येतं. मी काय करू?"

"विचारलंस त्यांना?"

"विचारलं. बघतो म्हणाले."

"कधी बघणार?"

"अरे बाबा, बघतो म्हणाले म्हणजे बघतो म्हणाले. तू घरी जा आता. तोंड बघ कसं झालंय तुझं."

थॉरकिल घरी गेला. राईच्या पावाचा तुकडा त्यानं ओट्याशी उभ्यानंच खाल्ला. सकाळी येऊन त्यानं पाणी कंपनीला स्वतः फोन लावला. तिथल्या बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि 'आम्ही बघतो' म्हणाली.

कार्ड अजून मधल्या रकान्यातच आहे. माणूस गेलं की आता घरी दोन पत्रं जातात. पाण्याचं अजून वेगळंच निघतं.