मुद्दाम बिघडवलेले फोटो

आमच्या गावात माणूस गेला की त्याचं शोकपत्रक निघतं. वर क्रूस, मध्ये फोटो, खाली चार ओळी. ते घराच्या दारावर लागतं, विजेच्या खांबावर लागतं, बसथांब्यावर लागतं. चाळीस दिवसांनी नवं, सहा महिन्यांनी नवं, मग दरवर्षी एक. काही दारांवर सासू, सासरे, मोठा दीर असे सगळे एका रांगेत, उन्हानं पिवळे पडलेले. यातले निम्मे चेहरे माझ्या हातचे, कारण गावात फोटोचं दुकान एकच आणि ते माझं. पाव आणायला निघालो तरी माझेच फोटो मला भेटतात.

हा धंदा मला करायचा नव्हता. चर्चमध्ये डावीकडच्या गायकांत उभं राहावं, गळा आहे तोवर देवाचं गावं, एवढंच माझं मागणं. दुकान सासऱ्यांचं. ते गेले आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात झाली मधमाश्या पाळणाऱ्या त्स्व्यात्कोपासून. मुलीकडे परदेशी जायचं म्हणून पारपत्राचा फोटो काढून गेला. इतका देखणा आला होता की मीच दोनदा पाहिला. तीन महिन्यांत तोच फोटो दारावर. मग शाळेच्या पराश्केवाबाई. त्यांचाही फोटो सुरेख आला होता, त्याही वर्षाच्या आत गेल्या. देवावर भरवसा ठेवणाऱ्यानं असलं काही मनात आणू नये, हे मला कळत होतं. पण हात ऐकेना. चांगला फोटो काढायचा म्हटलं की बोट बटणावर अडायचं. मग मी जरा वाईट काढायला लागलो. पापणी लवली की तोच ठेवायचा, हनुवटी खाली गेली की तोच. वाटायचं, असला फोटो दारावर कोण लावणार? लोक कुरकुरायचे, "मेतोदी, मी असा दिसतो होय रे?" मी म्हणायचो, "असाच दिसतोस." आणि मरायची ती माणसं मेलीच. फक्त दारावर वाईट दिसायला लागली.

यंदा सप्टेंबरात दोब्रिनाच्या, माझ्या बायकोच्या, हृदयाची झडप बदलायचं ठरलं. बुधवारी प्लोव्दिव शहरातल्या इस्पितळात भरती, शुक्रवारी ऑपरेशन. आदल्या आठवड्यात अंगणात लाल मिरच्या भाजताना ती म्हणाली,

"माझा एक फोटो काढ."

"परत आलीस की काढू."

"आणि नाही आले तर कुठला लावशील? ओळखपत्रातला? त्यात मी शिंकतेय."

"शिंकत नाहीयेस. डोळे अर्धे मिटलेत."

"तेच. चार काढलेस त्या दिवशी. तीन बरे होते, तू हा निवडलास. मला कळलं नाही असं वाटलं तुला?" तिनं मिरची उलटली. "सगळ्या गावाचं असंच करतोस, तेही ठाऊक आहे मला. गावाचं राहू दे. मी बायको आहे तुझी."

"म्हणूनच नाही काढत."

"म्हणजे मला सगळ्यांत वाईट दिसू देणार," ती म्हणाली, आणि मिरच्यांचं घमेलं उचलून आत गेली. तिला जड उचलायची बंदी होती. पुढचे दोन दिवस माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं, ती आधीच जेवलेली.

रविवारी प्रार्थना झाल्यावर आमचे पाद्रीबाबा गाव्रिल प्रवचनाला उभे राहिले. ते प्रवचन गाऊनच सांगतात. साधं वाक्य असतं, पण शेवटचा शब्द ते असा लांबवतात की ऐकणाऱ्याला तो आपल्यासाठीच थांबलाय असं वाटतं. त्या दिवशी गायले की डोंगर, समुद्र, तारे देवानं नुसत्या शब्दानं केले, पण माणसाच्या चेहऱ्याला त्याला बोटं लावावी लागली. "बोटं" हा शब्द त्यांनी खूप लांबवला. उत्तरादाखल आम्हा गायकांना सूर धरायचा होता, पण माझा लागलाच नाही. देवानं हातानं घडवलेलं मी दहा-अकरा वर्षं मुद्दाम बिघडवत होतो.

चर्चच्या पायऱ्यांवर मी दोब्रिनाला म्हणालो, "चल."

"कुठं?"

"दुकानात."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आधी घरी. केस करते."

खिडकीपाशी बसवलं तिला. भाजलेल्या मिरच्या सोलून नखं काळी झाली होती. ती लपवायला लागली, मी म्हटलं राहू दे.

"बोट अडलंय तुझं," ती म्हणाली.

"सुटेल. तू इकडे बघ."

"माझी पापणी लवायची वाट बघू नकोस आता."

सात काढले. एकात ती सरळ माझ्याकडे बघत होती, नेहमी खोटं पकडल्यावर बघते तशी. तिला तोच आवडला. मोठा छापून घेतला आणि म्हणाली, "हा दुकानाच्या काचेवर लाव. रस्त्याच्या बाजूनं."

"लोकांना काय वाटेल?"

"वाटू दे. दारावर लागेल तेव्हा मला थोडाच बघायला मिळणार आहे?"

लावला. सोमवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत आम्ही घेवड्याचं सूप घेत होतो. घंटी वाजली. मी बाहेर आलो तर समोरची गेनोवेवा, डोक्याला काळा रुमाल, हातात कार्नेशनची दोन फुलं.

"मेतोदी, कधी रे गेली? काल तर चर्चमध्ये होती."

मागून दोब्रिना आली, हातात चमचा. गेनोवेवा ग्राहकांच्या स्टुलावर बसलीच.

"तू आहेस?"

"सध्या तरी. सूप घेशील?"

"कसलं सूप. चुलीवरची भाजी उतरवून आले तुझ्यासाठी. रडलेसुद्धा."

"कळतंय. फुलं दोन आणलीस."

"मग? मेलेल्याला सम आणतात, जिवंताला विषम. जिवंत आहेस हे ठाऊक असतं तर तीन आणली असती."

दोब्रिनानं एक फूल स्वतः घेतलं, दुसरं तिच्या हातात परत दिलं. "एक तुला, एक मला. आता दोघी जिवंत."

गेनोवेवा बाहेर जाऊन बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली. परत आली ती माझ्याकडेच. "हिचा असा काढता येतो, आणि माझा काढलास तो भोपळ्यासारखा?"

"पुढच्या आठवड्यात ये," मी म्हटलं. "नीट काढतो." बोललो खरा, पण वहीत तिचं नाव पेन्सिलीनंच लिहिलं. ती भीती गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही.

बुधवारी आमची मुलगी आईला घ्यायला आली. मी गुरुवारी संध्याकाळी निघणार होतो. दोब्रिना बसमध्ये चढताना मी विचारलं, "काचेवरचा फोटो काढून ठेवू का आत?"

"मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

बस गेली. दुकानात येऊन काच पुसली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत चौघांनी काचेसमोर टोपी काढली, क्रूसाची खूण केली. प्रत्येक वेळी मी दार उघडून बाहेर गेलो आणि सांगितलं, "जिवंत आहे ती. प्लोव्दिवला गेलीय." चौथ्यांदा सांगताना आवाज चांगला लागला होता. मग दुकानाला कुलूप घातलं आणि बसथांब्याकडे निघालो.