देवीला दिलेला बयाणा

देवजी न्हाव्याने वस्तऱ्यात नवं ब्लेड अडकवलं आणि तांब्यातलं पाणी जतीनच्या डोक्यावर ओतलं. पाणी कपाळावरून ओघळलं तसा जतीनचा हात आपसूक पुढच्या केसांकडे गेला. होते. अजून होते.

"काय दाट आलेत हो शेठ!" देवजी म्हणाला. "यावर वस्तरा चालवायचा म्हणजे मोहोरलेलं झाड तोडण्यासारखं."

"देवीनेच दिले, आज तिचे तिला," अंबूबाई म्हणाली. "तू बोटं चालव, तोंड नको. मी वरून नारळ लावून घेऊन येते." आणि मुलाला न्हाव्याच्या हवाली करून ती देवळाच्या पायऱ्या चढू लागली. सव्वा महिन्याच्या नातवाला घेऊन थोरली सून संगिता चिंचेच्या सावलीत उभी होती.

जतीनने आईची पाठमोरी पावलं मोजली. आता वेळ होता तो एवढाच, आई वरून खाली येईपर्यंतचा.

गेल्या वर्षी, म्हणजे २०१७च्या जानेवारीत, हा पठ्ठ्या कोणाला न सांगता वापीला गेला होता. तिथल्या डॉक्टरने आठ तास खपून मागच्या केसांची मुळं उपटली आणि पुढच्या टकलाच्या माळावर लावली, चिकूची कलमं लावावीत तशी. घरी आला तो भादरलेलं डोकं आणि भोपळ्यासारखं सुजलेलं कपाळ घेऊन.

"नवस होता," तो म्हणाला.

"कशाचा?" अंबूबाईने विचारलं.

चहाचा कप घेऊन संगिता दारात उभी होती. लग्नाला सात वर्षं झाली होती नि मूल नव्हतं. जतीनला दुसरं काही सुचलं नाही. "वहिनीसाठी."

"अरे, पण नवस आधी बोलतात, फेडतात नंतर! तू आधीच डोकं देऊन आलास?"

झाईच्या चिकूच्या वाडीत जन्म गेलेला माणूस तो. व्यापारी फुलोऱ्याला बयाणा देतो, उरलेले पैसे फळ उतरल्यावर. जीभ आपोआप बोलली, "बयाणा दिला आई. बाकीचं मूल झाल्यावर."

एवढी मोठी थाप, पण वाडीवाल्यांच्या घरात ती मधासारखी गळ्याखाली उतरली. बयाण्याशिवाय पक्का सौदा तिथे कोणी पाहिला होता?

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस उशीवर गळून पडले. डॉक्टर म्हणाला, असंच होतं, चौथ्या महिन्यात उगवतील. जतीनला मात्र वाटलं, देवीने थाप पकडली. मग चौथ्या महिन्यात दोन गोष्टी एकदमच झाल्या. याच्या कपाळावर लव आली आणि संगिताला उलट्या सुरू झाल्या.

केस वाढले तशी टोपी सुटली, मान वर आली. दिवाळीनंतर तो तलासरीच्या शाळेत शिकवणाऱ्या मयुराला बघायला गेला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या मुलीसमोर तो जमिनीकडे न बघता बोलला. येत्या रविवारी साखरपुडा होता. काल त्याने डॉक्टरला फोन केला, तेव्हा डॉक्टर हसला होता. "मुळं कुठे जात नाहीत. तीन-चार महिन्यांत परत येतील." पण रविवार आठ दिवसांवर होता. आणि डोकं भादरलं की मागचे, मुळं उपटल्याचे पांढरे ठिपके उघडे पडणार होते, एकूण अडीच हजार.

"थांब देवजी," जतीन उठला. "जरा बिडी ओढून ये."

देवजी बाजूला झाला, तशी संगिता पुढे आली.

"भाऊजी, पाटावरून उठू नये."

"वहिनी, ऐका. तो नवस... मी त्या दिवशी देवीकडे गेलोच नव्हतो."

"दुसरा मजला," बाळाचं टोपडं नीट करत ती म्हणाली.

"काय?"

"वापीला. तुम्ही डोक्याला पट्टी बांधून दुसऱ्या मजल्यावरून उतरत होता. आम्ही दोघं तिसऱ्यावर चढत होतो. मी भिंतीकडे तोंड केलं."

जतीनला तिसऱ्या मजल्याची पाटी आठवली. गुटगुटीत बाळाचं चित्र होतं तिच्यावर.

"दिपकदादा पण?"

"उपचार त्यांच्यावरच होता." तिचा आवाज आणखी खाली आला. "गावभर मला वांझ म्हणत होते, ते चालत होतं. त्यांना कोणी काही बोललं असतं, तर ते वाडीत पाय टाकू शकले नसते. तुम्ही बयाणा म्हणालात, आणि आम्हाला आडोसा झाला."

जतीनचा हात पुन्हा पुढच्या केसांकडे गेला.

"तुमचाही रविवार आहे, कळतं मला. उठायचं तर उठा. आईंना मी काहीतरी सांगेन."

"काय सांगाल?"

तिने पायऱ्यांकडे पाहिलं. पायऱ्यांवरून अंबूबाई उतरत होती आणि वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून सांगत होती, "माझ्या धाकट्याने भावासाठी डोकं दिलं हो! कलियुगात असा भाऊ दाखवा!"

जतीन पुन्हा पाटावर बसला.

"ये रे देवजी."

वस्तरा पुढून फिरला. वर्षभराचे केस ओले होऊन मांडीवर पडत राहिले. जतीनने डोळे मिटले नाहीत. मागे पोचल्यावर देवजीचा अंगठा एका जागी थांबला, थोडा सरकला, पुन्हा थांबला. चाळीस वर्षं डोकी हाताळलेला माणूस तो.

"का रे थांबलास?" अंबूबाईने विचारलं.

देवजीने एकदा जतीनकडे पाहिलं, एकदा संगिताकडे.

"ब्लेड बोथट झालं काकी. बदलतो."

सगळं उरकलं. केस देवीपुढे ठेवायला अंबूबाई आणि संगिता वर गेल्या. जतीनने ओल्या हातानेच खिशातला फोन काढून देवजीपुढे धरला.

"एक फोटो काढ. मागून."

"मागून?" देवजी खालच्या आवाजात म्हणाला. "शेठ, मागचं सगळं दिसतंय."

"म्हणूनच."

फोटो मयुराला गेला. खाली त्याने लिहिलं, 'रविवारी असाच येणार. हे ठिपके कसले ते तुला आधीच सांगायचंय, मग ठरव.'

मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. वर 'टायपिंग' उमटलं, पुसलं गेलं, पुन्हा उमटलं. उघड्या डोक्यावर ऊन चटचट लागत होतं. सावली चार पावलांवर होती, पण जतीन होता तिथेच उभा राहिला.