रंग टिकवण्यासाठी

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीचे पडदे पुन्हा एकदा नीट ओढून घेत कुमुदताईंनी लेकीला बजावलं, "कौमुदी, खिडकीजवळ बसू नको. पाहुणे दुपारी येऊन राहिले."

समता कॉलनीतल्या त्या घराचे पडदे पंडरीच्या कापडबाजारातून खास आणलेले, दुहेरी अस्तराचे. दोन वर्षांपूर्वी एका स्थळाने 'मुलगी सावळी आहे' म्हणून नकार कळवला आणि लेकीला ऊन लागूच द्यायचं नाही म्हणून कुमुदताईंनी कंबर कसली. आधी कौमुदीची नोकरी सुटली, मग गच्ची, मग अंगण. रंग उजळला हे खरं, पण मांड्या आणि कंबर सतत ठणकायला लागल्या. हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, तो महिना उलटला तरी हटेना.

तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "शरीरात व्हिटॅमिन डी जवळपास उरलेलंच नाही. हाडं मऊ पडताहेत, आजाराशी झुंजायची ताकदही कमी झालीय. औषध द्या आणि पोरीला रोज उन्हात बसवा." ऊन तर कुमुदताईंनी नाकारलंच. औषधही उष्ण पडून चेहऱ्यावर पुरळ येईल म्हणून चार दिवसांत बंद केलं. वडील, जयंतराव, मूग गिळून बसले. कसली ही मेली माया!

दुपारी तेलीबांध्याहून विनोदिनीबाई मुलाला, अभिनवला, घेऊन आल्या. पोहे झाले, चहा झाला.

"पाया पड बेटा," कुमुदताई म्हणाल्या.

कौमुदीने गुडघे टेकून नमस्कार केला आणि मग तिला उठताच येईना. जमिनीवर हात रेटले, मांड्यांवर भार देऊन पाहिला, आणि ती धपकन खाली बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काहून, पोट्टीले काही बिमारी आहे काय?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"नाही नाही, उपास आहे तिचा. चक्कर आली," कुमुदताईंनी ठोकून दिलं.

विनोदिनीबाईंनी कौमुदीची हनुवटी वर केली, मनगट उलटसुलट करून पाहिलं. बाजारात भाजीही याहून हळुवार निवडतात. "हव, रंग लाखात एक आहे. पायाचं काय, दवापाणी करून होईल ठीक. आमच्याकडून पक्कं समजा. फक्त लग्नापर्यंत हिले धूप-ऊन लागू देऊ नका."

आनंदाने कुमुदताईंचे डोळे भरून आले. लेक अजून जमिनीवरच होती.

"मले नाही करायचं हे लग्न," कौमुदी म्हणाली.

"काय बोलून राहिली तू?"

"माझी हाडं गळून राहिली, आई. डॉक्टरनं तुलेच सांगितलं होतं ना? मी काय सोनं मागून राहिली? ऊन मागून राहिली. ते तर भिकाऱ्यालेही भेटते."

ती फरशीवरून सरकत जिन्यापाशी गेली. बसूनच, हातांवर भार देत, एकेक पायरी वर चढू लागली. अभिनव उठला, त्याच्या आईने त्याला खाली बसवलं. जयंतराव चपलांकडे बघत राहिले.

गच्चीवर मार्चचं कडक ऊन होतं. कौमुदीने बाह्या वर सारल्या आणि कठड्याला टेकून तोंड वर केलं. मागून पावलं वाजली. आई धावत आली होती. आधार द्यायला आली असेल, असं तिला क्षणभर वाटलं.

कुमुदताईंनी धापा टाकत आपला पदर तिच्या चेहऱ्यावर धरला.

"अवं पोरी, निदान तोंड तरी झाक!"

कौमुदीने आईचा हात बाजूला केला आणि ती तशीच उन्हात बसून राहिली.