आलासा?

चौतीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत काढून जोतीराम निवृत्त झाले तेव्हा त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. समोरचा माणूस ओरडून बोलला तर शब्द कळायचे, पण दारावरची थाप, कुकरची शिट्टी, गल्लीतली भांडणं हे सगळं त्यांच्यापुरतं कधीच बंद झालं होतं. फक्त बायकोचं बोलणं त्यांना नीट कळायचं, कारण चिमणाबाई कधी ओरडत नसत. त्या समोर येऊन उभ्या राहत, ह्यांची नजर वर होईपर्यंत थांबत, आणि मग सावकाश एकेक शब्द बोलत.

त्या जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी जोतीराम मलकापूरला पाहुण्यांच्या लग्नाला गेले होते, आणि परतताना भाड्याची जीप बांबवड्याजवळ बंद पडली. दवाखान्यात पोचायला अर्ध्या तासाचा उशीर झाला. शेजारच्या झुंबरबाई शेवटपर्यंत उशाशी होत्या. "सारखी दाराकडं बघत हुती," त्या म्हणाल्या, "आलं काय ते, आलं काय ते, एवढंच इचारत हुती."  जीप का बंद पडली, आपण रस्त्यात कुणाकुणाला हात केला, हे सगळं जोतीरामांनी मनातल्या मनात चिमणाबाईंना इतक्या वेळा सांगितलं होतं की ते त्यांना पाठ झालं होतं.

त्यांची मुलगी स्नेहल पुण्याला नोकरीत होती. बारा वर्षांपूर्वी, वडिलांचे कान अजून शाबूत होते तेव्हा, एम.ए.ला असताना तिने बायकांच्या स्वयंपाकघरातल्या बोलीवर एक प्रकल्प केला होता, आणि त्यासाठी आईला समोर बसवून वर्षाची चटणी कशी करायची ते तळहाताएवढ्या रेकॉर्डरवर बोलून घेतलं होतं. तो रेकॉर्डर गेल्या दिवाळीत तिने आबांना आणून दिला. त्याचा स्वतःचा आवाज मुंगीएवढा, म्हणून सोबत आंब्याएवढा एक गोल स्पीकर दिला, आणि चार्ज होणारे चार सेल. दोन रेकॉर्डरमध्ये, दोन चार्जरवर. हे उतरले की ते घालायचे. स्पीकर कानाशी धरला की जोतीरामांना सगळं ऐकू यायचं.

रोज दुपारी चार वाजता ते खाटेवर बसून एक्केचाळीस मिनिटांचं ते बोलणं ऐकत. "मिरची आर्धी ब्याडगी, आर्धी संकेश्वरी. नुस्ती ब्याडगी घेतलीस तर रंग येतोय, चव न्हाय येत." मध्येच स्नेहल काही विचारायची, झारा कढईत फिरायचा, बांगड्या वाजायच्या. सतराव्या मिनिटाला दाराची कडी वाजे आणि चिमणाबाई बोलता बोलता थांबून विचारत, "आलासा?" मग लांबून जोतीरामांचाच आवाज येई, "व्हय, आलो." "हातपाय धुवा, च्या टाकते," असं म्हणून त्या पुन्हा खोबऱ्याकडं वळत. सगळ्या एक्केचाळीस मिनिटांत जोतीरामांना ती जागा सगळ्यात प्रिय होती. तिथं ती विचारायची, आणि ते आलेले असायचे.

मार्चमधल्या एका दुपारी सतराव्या मिनिटाला कडी वाजली, चिमणाबाईंनी "आलासा?" म्हणून विचारलं, आणि पुढं उत्तर आलं नाही.

सेल उतरले असतील असं समजून जोतीरामांनी दुसरे घातले आणि पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच. पण आवाज बंद पडला नव्हता. कढईत काहीतरी तडतडत होतं, बांगडी हलल्याचा बारीक आवाज येत होता. फक्त झारा थांबला होता आणि पुढं कुणी बोलत नव्हतं. स्नेहलचाही आवाज तिथून पुढं नव्हता. थोड्या वेळाने चिमणाबाईंनी पुन्हा विचारलं, "आलासा?" आणि मग सेल संपेपर्यंत ती शांतता चालू राहिली.

त्यांनी स्नेहलला फोन लावला. ती फोनवर मोठ्याने, तोडून तोडून बोलायची.

"माझ्या कॉम्प्युटरवर कॉपी आहे, आबा. आत्ताच लावून बघितली. तुम्ही 'व्हय, आलो' म्हणता की तिथं."

"हितं न्हाय म्हणत."

"नीट ऐकू आलं नसेल तुम्हाला."

"बांगडी ऐकू येतीया," जोतीराम म्हणाले. "माझाच आवाज तेवढा येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते राजारामपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदाराने जुने सेल हातात घेऊन उलटेसुलटे केले. "ह्यात दम न्हाय, पावणं. हे घ्या. दुप्पट चालतील." ते दुप्पट चाललेही. पण सतराव्या मिनिटानंतर तेवढीच दुप्पट शांतता आली. एक्केचाळीस मिनिटांचं बोलणं दोन तास चाललं, मग तीन तास. त्या तीन तासांत चिमणाबाईंनी पाच वेळा विचारलं, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज आधीपेक्षा थोडा खाली आला. सेलमध्ये जीव आहे तोवर त्या थांबतात, हे जोतीरामांच्या हळूहळू ध्यानात आलं. म्हणजे रोज सकाळी आपण चार्जर लावतो ते बायकोला दाराकडं तोंड करून बसवण्यासाठी, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी सेल काढून कपाटात ठेवून दिले.

चार दिवस त्यांनी ते कपाट उघडलं नाही. चार वाजले की ते उठून रंकाळ्यावर जात आणि अंधार पडायच्या आत परत येत. पण घराची कडी काढताना त्यांचा हात थांबायचा. आत कुणीतरी झारा हातात धरून, डोकं जरा तिरकं करून ऐकत बसलंय असं त्यांना वाटायचं. आपण आता खरंच आलोय आणि तिला ते कळायला काही मार्ग नाही, ह्या विचाराने त्यांना जेवण जाईना.

गुरुवारी स्नेहलचा फोन आला. "शनिवारी येते मी. दोनपर्यंत पोचेन. तो रेकॉर्डर माझ्याकडं द्या, इथं दुरुस्त करून आणते."

"बरं," जोतीराम म्हणाले. पण फोन ठेवल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि चारही सेल चार्जिंगला लावले.

शनिवारी त्यांनी लवकर जेवून घेतलं, खाटेवर बसून स्पीकर कानाशी धरला आणि बटण दाबलं. मिरची झाली, धणे झाले. कडी वाजली.

"आलासा?"

 साठी ओलांडलेल्या माणसाने डब्याशी बोलावं ह्याची जोतीरामांना लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षाही हे आपण इतके दिवस का केलं नाही ह्याचं वाईट वाटलं.

"व्हय," ते म्हणाले. "आलो."

तडतड थांबली. कुणीतरी लांब श्वास सोडल्यासारखं झालं.

"किती येळ लावलासा," चिमणाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या एक्केचाळीस मिनिटांत कुठंही नव्हतं. जोतीरामांना ते कळत होतं, पण त्याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती. हातपाय धुवा, असं त्या म्हणाल्या. ते मोरीत जाऊन धुऊन आले. दार लावून घ्या, म्हणाल्या. त्यांनी उठून दार लावलं, आतून कडी घातली. मग बांबवड्याजवळ जीप कशी थांबली, ड्रायव्हर कसा झाकण उघडून नुसता बघत राहिला, आपण किती गाड्यांना हात केला, हे त्यांनी सगळं सांगितलं. ती मध्ये कुठं बोलली नाही. शेवटी म्हणाली, "असू दे." एवढंच. त्या दोन शब्दांसाठी जोतीराम दोन वर्षं थांबले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर स्पीकरमधून दारावरची थाप ऐकू आली.

थाप स्वच्छ होती, तीनदा पडली. जोतीरामांनी डोळे उघडून समोरच्या दाराकडं पाहिलं. ह्या दारावरची थाप त्यांच्या कानांना गेल्या दहा वर्षांत कधी ऐकू आली नव्हती, म्हणून स्नेहल नेहमी दारात उभी राहून फोन करायची. खाटेवर पडलेल्या फोनचा दिवा लागला. त्यावर तिचं नाव होतं.

ते उठायला लागले. एक हात गुडघ्यावर गेला होता.

"बसा," चिमणाबाई म्हणाल्या. "जाईल ती."

जोतीराम तसेच अर्धवट थांबले. पोरगी पुण्याहून यायची म्हटलं की चिमणाबाई तास तास आधी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या. ती येऊन बसेपर्यंत घरात कुणाला जेवू द्यायच्या नाहीत. आवाज त्यांचाच होता. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ह्यांना कळावं म्हणून बोललेला. त्यात कसलाही फरक नव्हता, आणि हे बोलणं त्यांचं नव्हतं.

फोन विझला. पुन्हा लागला. स्पीकरमध्ये थाप जोरात पडायला लागली, आणि थापेच्या मागून कुणीतरी हाक मारत होतं, "आबा, आबा," असं, पण ते आता फार लांबून येत होतं.

"बसा की," चिमणाबाई हळूच म्हणाल्या. "मी हाय न्हवं."

त्यांचं पुढचं बोलणं त्या थापांत नीट ऐकू येईना. जोतीराम खाली बसले, आणि गुडघ्यावरचा हातही लावून त्यांनी स्पीकर कानाशी घट्ट धरला.