भंगालूचा पट्टा

नऊ दिवसांत तीन कोकरं गेली, आणि तिन्ही भर दुपारी. रात्री गेली असती तर बिबट्याला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. अस्वल असतं तर शेळ्या ओरडल्या असत्या, जमीन उकरलेली दिसली असती. तसं काहीच नव्हतं. दुपारी कळप विसाव्याला बसायचा, आम्ही दोघं दगडांच्या आडोशाला चहा उकळायचो, आणि संध्याकाळी मोजताना एक कमी भरायचं.

माझा संशय पहिल्या दिवसापासून भंगालूवर होता.

भंगालू जीजांचा कुत्रा. जीजा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, नोखूराम. त्यांची आणि माझी जनावरं मिळून साडेतीनशेचा कळप, आणि दर उन्हाळ्यात आम्ही दोघं तो घेऊन कुगतीच्या खिंडीतून डोंगरापलीकडे लाहौलच्या कुरणांवर जायचो. भंगालू काळा, वासराएवढा, मानेभोवती सिंहासारखे केस आणि त्या केसांत दडलेला लोखंडी पट्टा, बाहेरच्या बाजूला बोटभर खिळे असलेला. बिबट्या कुत्र्याचा गळा धरतो, म्हणून तो पट्टा.

त्या वर्षी माझाही एक कुत्रा होता. निक्कू. आदल्या वर्षी लाहौलच्या एका म्हातारीनं दिलेला, भुऱ्या केसांनी डोळे झाकलेला, दोन ओंजळींत मावेल एवढा. खिंडीत बर्फ मांडीपर्यंत होतं. चैत्राच्या शेवटी जन्मलेली उशिराची कोकरं आम्ही नेहमीसारखी चोळ्यात, म्हणजे आमच्या लोकरीच्या घोळदार अंगरख्यात घेतली. कमरेला लोकरीची दोरी गुंडाळली की वर चोळ्याची खोळ होते, तीत दोन कोकरं सहज बसतात. मी त्यांच्यातच निक्कूला कोंबलं. तीन दिवस ती सगळी पाळीपाळीनं माझ्या चोळ्यात आली, रात्री एकमेकांच्या उबेत झोपली, एकमेकांवर मुतली.

जीजांना ते मुळीच आवडलं नाही.

"कुत्रा काय पोटाशी धरायची वस्तू आहे का रे मचलू? तुला मूल नाही म्हणून?"

"मला दोन आहेत. तुम्ही नावंसुद्धा विसरलात."

"मग हे तिसरं. भुंकतं तरी का?"

"तुमच्या हत्तीच्या आधी भुंकतं. तुमचा हत्ती ऐकतो, जांभई देतो, मग विचार करतो."

"विचार करून उठतो, पण उठला की अस्वल पळतं. तुझं हे मांजर अस्वलाला काय करणार? गुदगुल्या?"

"निदान अर्ध्या भाकरीत भागतं. तुमचा दोन माणसांचं खातो. खालून पीठ कोणाच्या पाठीवर येतं?"

"खेचराच्या."

"आणि खेचर कोणाचं?"

"तुझ्या बापानं लग्नात दिलेलं. तेव्हाच म्हातारं होतं."

असं आमचं रोज चालायचं. त्यात खोटं कोणाचंच नव्हतं. मोठा कुत्रा जवळ असला की झोप लागते, पण खालच्या गावातला माणूस पीठ घेऊन वर यायला घाबरतो, आणि कुत्र्यानं एकाला धरलं की पुढच्या वर्षी गावातून वाट मिळत नाही. लहान कुत्रा कोणाला नको वाटत नाही, पण बर्फ लागलं की त्याला वाहावं लागतं आणि रात्री जपावं लागतं. पहिलं कोकरू जाईपर्यंत हे सगळं चेष्टेत चाललं होतं.

आमच्यात एक रीत आहे. जो कुत्रा आपल्याच कळपातलं कोकरू खातो, त्याला एक दिवसही ठेवायचं नाही. त्याला कोणी मारत नाही. त्याचा पट्टा काढतात आणि त्याला भाकरी घालणं बंद करतात. पट्ट्याविना, उपाशी, कळपाबाहेर झोपणारा कुत्रा त्या उंचीवर आठ दिवससुद्धा टिकत नाही. कळप दोघांचा असेल तर पट्ट्याला दोघांचे हात लागावे लागतात. एकानं नाही म्हटलं की पट्टा तसाच राहतो.

म्हणजे भंगालूचा जीव माझ्या आणि जीजांच्या हातात होता, आणि माझा हात तयार होता.

दुसरं कोकरू गेलं तेव्हा मी भंगालूचं तोंड पाहिलं. ओठांच्या कडेला सुकलेलं रक्त होतं.

"जीजा, हे बघा."

"उंदीर खाल्ला असेल."

"एवढं रक्त उंदराचं?"

"मोठा उंदीर."

पण ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, चुलीतली राख उकरत होते. तिथंच माझ्या मनात दुसरा किडा शिरला. जीजा दर तिसऱ्या दिवशी पीठ, गूळ आणायला खालच्या बटाट्याच्या शेतांकडे जायचे आणि येताना गुणगुणत यायचे. खाली रस्त्याचं काम चाललं होतं, मजुरांच्या छावणीत मांसाला मागणी होती. चोळ्याच्या खोळीतून एक कोकरू नेलं तर कोणाला दिसणार? त्या संध्याकाळी ते हात-पाय धुवायला ओढ्यावर गेले तेव्हा मी त्यांचा चोळा उलटा करून हुंगला. कोकराचा वास आला. मग माझा हुंगला. त्यालाही तोच वास. आमच्या चोळ्यांना दुसरा कसला वास येणार!

मागं वळलो तर जीजा उभे होते.

"काय शोधतोस?"

"ऊ झालीय का ते बघत होतो."

"माझ्या चोळ्यात? तुझ्या अंगावरची पुरत नाही?"

ते हसले, पण झोपताना त्यांनी चोळा उशाखाली घेतला. दुसऱ्या दिवशी मी जळण गोळा करायला गेलो, परत येऊन पाहिलं तर माझ्या गाठोड्याची गाठ वेगळ्या तऱ्हेनं बांधलेली. म्हणजे तेही माझी झडती घेत होते.

तिसरं कोकरू गेल्यावर मी भंगालूची विष्ठा काठीनं फोडून बघायला लागलो. लोकर सापडली. जीजा म्हणाले, मेंढ्यांत वावरणारा कुत्रा अंग चाटतो, लोकर पोटात जाणारच. तेही खरं होतं. पण दुसऱ्या सकाळी तीत एक नखाएवढा खूर निघाला. अख्खा, मऊ, कोकराचा. तो मी धुतला आणि जीजांच्या चहाच्या वाटीशेजारी ठेवला.

त्यांनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "त्यानं गेल्या वर्षी अस्वलाला अडवलं तेव्हा तू कुठं होतास?"

"खडकावर."

"चढून बसला होतास."

"हो. मग? म्हणून कोकरं खाऊ द्यायची?"

"तसं नाही म्हणत मी." त्यांनी तो खूर बोटानं फिरवला. "तुझ्या बहिणीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलाय त्याला. तिला काय सांगू?"

"खरं सांगा."

"तुला बरंच वाटतंय ना रे?"

मी माझ्या वाटीत चहा ओतून घेतला. थोडं बरं वाटत होतं.

"उद्या दुपारी," जीजा म्हणाले. "उद्या दुपारी काढू."

मला त्या 'उद्या'चाही संशय आला. रात्रीत कुत्र्याला खाली कोणाकडे पोचवतील, नाहीतर सकाळी काहीतरी कारण काढतील. म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी, हरवलेली शेळी बघतो असं सांगून निघालो आणि लांबचा वळसा घालून कळपाच्या वरच्या खडकांत येऊन दडून बसलो. भंगालूला कोकरू धरतानाच बघायचं होतं, म्हणजे जीजांना पुढं बोलायला तोंड राहिलं नसतं.

कळप विसावला होता. भंगालू एका बाजूला, पंजांवर डोकं ठेवून झोपलेला. अर्धा तास झाला तरी त्याचा कानसुद्धा हलला नाही. मग कोकरांतून निक्कू बाहेर पडला. खडकांच्या फटींत बिनशेपटीचे उंदीर असतात, त्यांचं त्याला भारी वेड. तो नाक खाली घालून कड्याच्या बाजूला निघाला आणि त्याच्या मागं उशिराची दोन कोकरं निघाली. आईकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. एक त्याच्या पाठीवर पाय टाकायचं, दुसरं त्याची शेपटी हुंगायचं. तो थांबला की ती थांबायची. तो पळाला की ती पळायची.

मला अजूनही काही उमजलं नव्हतं. उलट हसू येत होतं.

कड्याशी एक अरुंद सपाट दगड बाहेर आलेला आहे, खाली घळ. उंदीर त्या दगडावरून पलीकडे गेला. निक्कू त्याच्या मागं, पोट घासत, हलक्या पावलांनी पार. पहिलं कोकरू काठावर थबकलं. दुसरं थबकलं नाही.

मी ओरडलो. माझ्या ओरडण्यानं पहिलं मागं उडी मारून पळालं, तेवढं वाचलं. दुसऱ्याचा आवाजसुद्धा आला नाही. निक्कूनं एकदा खाली वाकून पाहिलं, दोनदा भुंकला आणि पुन्हा फटीत नाक घातलं.

आता भंगालू उठला. अंग झाडलं, वारा हुंगला आणि घाई न करता, वळणाच्या पायवाटेनं घळीत उतरला. वाट त्याला पाठ होती. मी त्याच्यामागं गेलो. तो कोकरापाशी उभा राहिला. नाकानं त्याला एकदा हलवलं, पुन्हा हलवलं, ऊठ म्हटल्यासारखं. ते उठेना तेव्हा तो खायला बसला. शेजारी आधीच्यांची हाडं पडली होती.

मी घळीतून वर निघालो. चोळ्यात एकत्र झोपवून मीच त्या कोकरांना शिकवलं होतं की निक्कू त्यांच्यातलाच आहे. त्याच्या अंगाला त्यांचाच वास होता. आणि हे मी सांगितलं नाही तर कोणालाही कळणार नव्हतं. भंगालूच्या तोंडाला आता ताजं रक्त होतं. मी खोटंही बोललो नसतो. कुत्र्यानं कोकरू खाल्लं, एवढंच म्हणायचं होतं.

आडोशाशी जीजा दगड आणि जाड खिळा घेऊन बसले होते. पट्ट्याची कडी गंजली होती, ती ठोकून काढावी लागणार होती. माझ्यामागून भंगालू आला, ओठ चाटत. जीजांनी पाहिलं. त्यांनी कुत्र्याला जवळ बोलावलं, मान मांडीत घेतली आणि कडीवर खिळा ठेवून पहिला घाव घातला. कडी अर्धी सरकली. भंगालू हलला नाही.

"ये," जीजा म्हणाले. "लाव हात. संपवू."

"थांबा, जीजा."

"आता काय?"

मी सगळं सांगितलं. निक्कू, दगड, घळ, हाडं. जीजांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि दगड बाजूला ठेवला.

"तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"नऊ दिवस कुत्र्याच्या मागं लागला होतास, त्याच्या गुवात बोटं घातलीस. आज पट्टा निघायच्या वेळेला त्याची बाजू घेतोस. तुझी लबाडी ओळखून आहे मी. बहिणीला सांगणार, की मचलूनं नको म्हटलं तरी नोखूनं काढायला लावला. हेच ना?"

"तुमची शप्पथ."

"माझी कशाला? स्वतःची घे."

"माझी शप्पथ. चला, दाखवतो."

मी निक्कूला उचलून कळपाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं, कड्यापासून लांब. आधी काहीच झालं नाही. जीजा हाताची घडी घालून उभे. मग एक कोकरू आईला सोडून त्याच्याकडे निघालं, मग तीन, मग उशिराची सगळी अकराच्या अकरा. निक्कू पळाला तसा तो सगळा घोळका त्याच्यामागं पळाला. जीजांनी मला पुन्हा एकदा तेच करायला लावलं, दुसऱ्या जागी. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः निक्कूला नेलं, मी काही हातचलाखी करतोय का ते बघायला.

मग ते घळीत उतरले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मेलेलं खाल्लं त्यानं," ते म्हणाले.

"हो."

"मेलेलं आपणही खातो."

"हो, जीजा."

निक्कूला तिथल्या तिथं बांधून घातलं. तो ओरडला, जीजा त्याच्यावर खेकसले, आणि मी त्याची बाजू घेतली नाही. पुढच्या फेरीत जीजांनी त्याला खालच्या शेतांवर एका बाईकडे नेऊन द्यायचं ठरलं. तिच्या दारात उंदीर भरपूर होते, कडा नव्हता.

राहिला पट्टा. कडी अर्धी सरकलेली, ती परत ठोकायची होती, आणि एकट्या माणसाला ते जमत नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी पट्टा धरला, खिळे बोटांमधून निघालेले. जीजांनी घाव घातला. भंगालूचं डोकं माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. इतका वेळ जीजांच्या हाताखाली गप्प बसलेला तो कुत्रा आता घशातून गुरगुरायला लागला, हलक्या आवाजात, माझ्या डोळ्यांत बघत.

"जीजा, जरा आवरा त्याला."

"गुरगुरू दे. चावत नाही तो." त्यांनी दुसरा घाव घातला. "बहुतेक."

कडी बसली. मी हात काढले ते हळूच, एकेक बोट सोडत.

त्या दिवसापासून भंगालूची भाकरी मी करायचो आणि मीच घालायचो. चार दिवस त्यानं माझ्या हातची घेतली नाही, भाकरी गवतात पडून राहायची आणि कावळे न्यायचे. पाचव्या दिवशी घेतली. पण मी ती ठेवून, पाठ फिरवून, पुरेसा लांब गेल्यावर.