तिनं न केलेला केक

साठी पुरी झाली की माणसं काय काय मागतात. कुणी प्रवास मागतं, कुणी नवी कवळी मागतं. केकवाल्या बाईनं केक मागितला.

ऐकून तिची थोरली बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला. "माळ्यानं फुलं मागावीत त्यातली गत," ताई म्हणाली. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही."

पण बाईचं म्हणणं सरळ होतं. चाळीस वर्षं तिनं लोकांचे केक केले. लग्नांचे केले, वाढदिवसांचे केले, निवृत्तीचे केले, एकदा तर एका घटस्फोटाचासुद्धा केला, आणि तोच सगळ्यात आनंदानं खाल्ला गेला. नवरा होता तोवर तो पावाची भट्टी बघायचा आणि ती केक. तो अचानक गेला, आणि भट्टी, केक, गल्ला आणि एक लहानगं पोर, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर आलं. दुसरी कुणी असती तर दुकान फुंकून माहेरी गेली असती. ही गेली नाही. "पोरासाठी ठेवायचंय," एवढंच म्हणायची, आणि मैद्यात कोपरापर्यंत हात घालायची. पोर मोठं झालं, शाळा संपली तशी दुकानात आलं, लग्न झालं, सूनही दुकानातच उभी राहिली. आणि या सगळ्या काळात बाईच्या तोंडात गेलेला प्रत्येक केक तिनंच केलेला होता.

"मला एकदा असा केक खायचाय," महिनाभर आधी जेवताना तिनं मुलाला सांगितलं, "ज्याला माझा हात लागलेला नाही. बाहेरचा नको, त्यांचं लोणी मला चांगलं ठाऊक आहे. तू कर. अंडं फोडण्यापासून नाव घालण्यापर्यंत सगळं तू. आणि समुद्रावर जाऊन खाऊ."

मुलगा तसा अबोलच. हातातला घास संपवला. मग म्हणाला, "करीन. पण तू भट्टीकडे फिरकायचं नाहीस."

"नाही फिरकणार. शपथ."

आता ही शपथ पाळणं म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. ही बाई दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेली तरी ओव्हनचं दार उघडून बघते. पण यावेळी तिनं जिभेवर आणि पायांवर ताबा ठेवला. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी खालून भांड्यांचा आवाज आला, फेटणीचा आवाज आला, मध्येच तो थांबला, तरी ती जिना उतरली नाही. फेटणी एवढ्यात थांबायला नको होती, असं तिच्या मनात आलं. लगेच स्वतःलाच दटावलं: गप बस, त्याचा केक आहे.

सगळे दुकानाच्याच व्हॅनमधून निघाले. मुलगा चालवायला, बाई त्याच्या शेजारी, मागे सूनबाई आणि ताई, आणि ताईच्या मांडीवर खोकं. "मी आणि तुझा केक, दोघं सारखेच डुलतोय," ताई मागून ओरडली. "फरक इतकाच, त्याच्यावर क्रीम आहे."

बाई हसली. दुकानाला टाळं होतं, तेही रविवारी, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. म्हणजे फारसं नव्हतं. वाटेत एकदाच तिनं विचारलं, "हत्ती नेला का रे त्यांनी?"

हत्ती म्हणजे शुक्रवारी तिनं केलेला केक. कुणाच्या तरी बाळाच्या वाढदिवसाचा, वर निळाशार हत्ती, सुपाएवढाले कान. डावा कान तिला मनासारखा जमेना म्हणून तिनं तो खरवडून पुन्हा केला होता. लोक काल संध्याकाळी न्यायला येणार होते.

"नेला," मुलगा म्हणाला.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? छान म्हणाले."

बाईला बरं वाटलं. कितीही वर्षं झाली तरी कुणी छान म्हटलं की तिला बरं वाटायचंच.

समुद्र घरापासून काही लांब नाही. तरी ही तिथं शेवटची आली होती ती मुलगा पोटात असताना. वाळूवर पाय ठेवला, चपला काढल्या, आणि पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की आपल्या टाचांना भेगा आहेत. खारं पाणी त्यात असं झोंबलं की ती "आई गं" म्हणून किंचाळली. पण मागे फिरली नाही. लाट आली, फुटली, पांढरा फेस पायाशी आला, तर हिच्या मनात काय यावं? हा अजून थोडा फेटायला हवा, टिकत नाही. स्वतःच्याच विचाराचं तिला इतकं हसू आलं की ताईनं विचारलं, "काय झालं? खेकडा चावला?"

"काही नाही गं. दुकान काही डोक्यातून जात नाही."

"मग डोकंच बुडव."

आणि बाईनं खरंच बुडवलं. गुडघाभर पाण्यात बसकण मारली आणि येणारी लाट डोक्यावरून जाऊ दिली. नाकातोंडात पाणी गेलं, केस डोळ्यांवर आले, कपडे फुगून वर आले, आणि साठ वर्षांची ही बाई लहान पोरीसारखी खिदळत राहिली. पायाखालची वाळू सरकायची, तिला गुदगुल्या व्हायच्या. नखाएवढे खेकडे भोकांतून डोकावायचे आणि ती वाकली की गडप व्हायचे. वर पक्षी वाऱ्यावर नुसते तरंगत होते, पंखसुद्धा हलवत नव्हते. फुकट आहे हे सगळं, तिला वाटलं. आणि इतकी वर्षं आपण भट्टीसमोर. त्याचं तिला वाईटही वाटलं, पण फार वेळ नाही, कारण पुढची लाट आली. साठ तर साठ, ती मनात म्हणाली, आता दर महिन्याला यायचं. दुकान पोरगा बघेल. एवढ्यासाठीच तर सगळं केलं.

दुपार कलली तशी सूनबाईनं सतरंजी अंथरली आणि खोकं उघडलं.

केक पांढरा होता. साधा, गोल, वर चॉकलेटनं मुलाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'आई ६०'. बाईचा जीव हरखला. सुरी नीट फिरली नव्हती, कड एका बाजूला जाड झाली होती, आणि ती जाड कड तिला इतकी आवडली की डोळ्यांत पाणी आलं. अस्संच हवं होतं. आपल्या हातचं असतं तर असं थोडंच असतं?

"मेणबत्ती आधी," सूनबाई म्हणाली. पण वारा कसला ऐकतोय! काडी ओढली की विझायची. मुलानं ओंजळ धरली, सुनेनं खोक्याचं झाकण आडवं धरलं, ताई दोघांना सूचना देत राहिली. बाई केककडे बघत होती. ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं, क्रीम मऊ होत होतं, आणि 'आई'च्या कान्याशी तिला काहीतरी दिसलं. सावली असेल. तिनं मान तिरकी केली. सावली हलली नाही.

निळं होतं.

एवढासा डाग. मग तो बोटाएवढा झाला. बाईनं उभ्या आयुष्यात नवशिक्या मुलींना किती वेळा सांगितलं असेल, बायांनो, निळा रंग क्रीमखाली दबत नाही, उन्हात तर मुळीच नाही, जाड थर द्या. हा थर पातळ दिला होता. डागाला हळूहळू कड आली, कडेला गोलाई आली, आणि तो कान झाला. डावा कान. तो तिनं दोनदा केला होता.

कुणी ऑर्डर न्यायला आलं नाही की दुकानात काय करतात, ते हिला कुणी सांगायला नको. सुरी गरम पाण्यात बुडवायची, वरचं नाव आणि चित्र हलक्या हातानं खरवडायचं, नवा थर फिरवायचा, नवं नाव घालायचं. कोंबडी अंडी फुकट देत नाही, हे तिचंच वाक्य.

एवढ्यात मेणबत्ती पेटली आणि ताईनं केककडे पाहिलं. "अगं बाई! केक काळानिळा पडलाय की. बदडलं काय याला कुणी?"

कुणी हसलं नाही. सूनबाईनं झाकण खाली ठेवलं. मेणबत्ती विझली.

"हत्ती नेला म्हणालास ना?" बाईनं विचारलं.

मुलानं विझलेली काडी वाळूत खुपसली.

"मी केलेला केक मला? वरून चॉकलेट फासून?" तिचा आवाज चढला तशी पलीकडे चेंडू खेळणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली. "एक दिवस मागितला होता रे मेल्या! एक! चाळीस वर्षं राबले, कधी कुणाकडे हात पसरला नाही, तुझ्याकडे अंडी-मैद्याचा एक गोळा मागितला. आणि तू मला परक्याच्या पोराचं टाकलेलं आणून वाढतोस?"

"आई, तो सकाळी लवकर उठला होता," सूनबाई मध्ये पडली. "मी बघितलंय, खरंच…"

"तू थांब गं," मुलगा तिला म्हणाला. मग आईकडे वळला. चिडला नव्हता. उलट त्याला खरोखरच कळत नव्हतं असं दिसलं. "पण आपल्या घरी वाढदिवसाला असाच केक असतो ना?"

"असाच म्हणजे?"

"असाच. खाली दुसऱ्याचा. माझ्या सातव्याला खाली आगगाडी होती. नंतरच्या वर्षी कुणा मुलीचं नाव होतं, गुलाबी. मी बोटानं क्रीम बाजूला सारून वाचायचो, आज कोणाचाय म्हणून. अकरावा होता तेव्हा खाली निघालं, 'नवदांपत्यास शुभेच्छा'."

ताईला फिस्सकन हसू फुटलं. मग तिनं बहिणीचं तोंड पाहिलं आणि पदार्थ झाकावा तसं हातानं स्वतःचं तोंड झाकलं.

"तेव्हा दिवस तसे होते," बाई म्हणाली.

"हो. मी कुठं काय म्हणतोय?"

"एकदा तरी बोलायचंस."

"काय बोलणार? तू कापून हातात द्यायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. मी म्हणायचो छान. तुला बरं वाटायचं."

बाईला ते लख्ख आठवत होतं. दुकान बंद करून ती वर यायची, हात धुवायची, आणि तो दोन-दोन तुकडे खायचा, बशी पुसून. त्या बशीकडे बघून तिला वर्षभराचे कष्ट फिटल्यासारखे वाटायचे. ताईलासुद्धा तिनं कितीदा कौतुकानं सांगितलं होतं, माझ्या पोराला माझा केक म्हणजे जीव की प्राण.

राग अजून गेला नव्हता, पण आता तो ठेवायचा कुठं तेच तिला समजेना. तिनं उगाच सुरी उचलली, केक कापला, एक तुकडा स्वतः घेतला. "बरं, ते जाऊ दे," ती म्हणाली. "झालं ते झालं. पण आज तुला काय धाड भरली होती? केक येत नाही तुला? इतकी वर्षं काय भट्टीवर हात शेकत बसलास?"

"येतो की. सकाळी लोणी-साखर फेटायला घेतली होती. तुझ्यासाठी म्हणून नीट करायचं होतं, म्हणून मध्येच थांबून चाखलं." तो वाळूत बोटानं रेघा ओढत होता. "आणि कळेचना. चांगलं झालंय की वाईट. गिऱ्हाइकांचे करताना चालतं, तुझं माप आहे, त्या मापानं करतो. पण तुला खायला घालायचं तर चव कळायला नको? मग टाकून दिलं. हत्ती समोरच होता. तुझ्या हातचा आहे, निदान वाईट तरी नसेल म्हटलं."

"चव कळत नाही म्हणजे काय?"

"मला केक आवडत नाही, आई."

वारा सुटला होता तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. सूनबाई खाली बघत बसली, तिला ते ठाऊक असावं.

"कधीपासून?"

"कधीच नाही आवडला. त्या वासानंच ढवळतं."

बाईनं हातातला तुकडा परत खोक्यात ठेवला. तिच्या बोटांना निळं लागलं होतं. "मग दुकानात कशाला आलास?" तिनं विचारलं. आवाज आता अजिबात चढला नव्हता. "मी काही जबरदस्ती केली नव्हती. दुसरं काहीतरी करायचंस. मी नको म्हटलं असतं?"

"तू एकटी होतीस," मुलगा म्हणाला. त्यानं सुरी घेतली आणि ती धुवायला पाण्याकडे चालू लागला.

बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्याला हाक मारावी असं तिला फार वाटलं, पण ती बोटांचं निळं वाळूत पुसत राहिली.