नेम धरल्यावर हात लावायचा नाही

माझ्या वडिलांचे हात दादरला पुलाजवळच्या होर्डिंगवर लागले होते. चेहरा नाही, नाव नाही. मनगटापासून पुढचे नुसते दोन हात, त्यांत मोबाइल, आणि वर हातभर अक्षरांत ‘आता प्रत्येकाचा नेम लागणार!’ हे धडधडीत खोटं आहे, हे ते लावणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या पुलावरून जाताना आजही माझं डोकं तापतं, आणि ते थंड करून घ्यायची मला अजिबात घाई नाही.

मी तेव्हा लालबागच्या एका कंपनीत मोबाइलवरचे बंदुकीचे गेम बनवत होते. नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, आमच्या चाळीतही मुरडतात. या गेममध्ये सगळं खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसतं, समोर फक्त आपल्या बंदुकीची नळी असते. आमच्या गेममध्ये नेम बोटाने स्क्रीन घासून नाही, तर फोन वळवून धरायचा. मनगट जरा डावीकडे गेलं की बंदूक डावीकडे. हाताने किती वळल्यावर बंदुकीने किती वळायचं, हे ठरवणं हेच माझं काम. थोडं जास्त झालं तर माणसाला गरगरतं, थोडं कमी झालं तर तो बिचारा फोन घेऊन खोलीभर फिरत बसतो.

आता बाबा. शामराव, टपाल खात्यातून निवृत्त. पण आमच्या भोईवाड्यात त्यांना पोस्टमन म्हणून कोण ओळखतं? तिथे ते कॅरमवाले शामराव. आमच्या चाळीत कॅरमचा एक नियम आहे, तो कुठल्या पुस्तकात नसेल. एकाने नेम धरला की बाकीच्यांचे हात बोर्डावरून बाजूला. कुणी टेकायचं नाही, खांद्यावर हात ठेवायचा नाही, उगाच ‘मार रे’ करायचं नाही. लहानपणी बाबा नेम धरून बसलेले असताना मी त्यांच्या पाठीवर चढले होते, तेव्हा कुशाबाकाकांनी मला उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं होतं. काका बाबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. त्यांना खरं तर बाबांचा नेम चुकलेला हवाच होता, पण नियम म्हणजे नियम.

मग बाबांना कंपवात झाला. एके दिवशी खेळताना स्ट्रायकर त्यांच्या बोटांतून निसटला आणि भलतीकडेच गेला. “असू दे शामराव, परत मारा,” सगळे म्हणाले. पूर्वी असं कुणी म्हटलं नसतं, उलट नेम चुकला म्हणून टाळ्या पिटल्या असत्या. बाबा उठले, हातावरची पावडर झटकली आणि घरी आले. बोर्ड कपाटामागे गेला.

मी त्यांच्या हातात गेम दिला तो नुसता वेळ जावा म्हणून. त्यांनी फोन धरला आणि बंदूक थुईथुई नाचायला लागली.

“दीपू, ही बंदूक माझ्यापेक्षा आजारी आहे गं,” बाबा म्हणाले.

आई हसली, मीही हसले. नंतर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीच्या मागे लागले. हात थरथरतो ते भराभर आणि जागच्या जागी. माणूस नेम धरतो तो सावकाश आणि एका दिशेने. फोनला दोन्ही कळतं. मग गेमने थरथर सोडून द्यावी आणि नेम तेवढा उचलावा, हे का जमू नये? महिनोन् महिने मी ते बसवत होते. ऑफिसात बनवायचं, घरी बाबांच्या हातात द्यायचं. “आता फार सुस्त झाली.” “आता मध्येच अडकते.” “आता मी वळतो तर ही वळतच नाही.” आणि मग एका संध्याकाळी बाबांनी नेमासाठी मांडलेले गेममधले तीन डबे लागोपाठ उडवले आणि म्हणाले, “आता माझं ऐकते.”

त्या सेटिंगला मी ‘स्थिर’ नाव दिलं. आठवड्याभरात कुशाबाकाका नातवाचा फोन मागून घेऊन आमच्या दाराशी हजर. “जय भीम शामराव. म्हटलं बघू तरी, ह्यात किती दम आहे.” मी त्यातही गेम घालून दिला. गॅलरीत स्टुलावर समोरासमोर बसून दोघे म्हातारे एकमेकांवर गोळ्या झाडायचे. बाबांनी फोन उचलला की सगळी गॅलरी मागे सरायची. कुणी सांगितलं नव्हतं, सवयच होती. हरल्यावर काका शिव्या घालायचे, आणि त्या शिव्यांनी बाबांचा चेहरा जो उजळायचा तो कुठल्या औषधाच्या गोळीने उजळला नव्हता.

आमच्या कंपनीचा प्रमुख निलेश. त्याला हे कळलं आणि त्याचे डोळे चमकले. माझ्या कामामुळे नव्हे, जाहिरातीमुळे. कॅमेरेवाले घेऊन तो आमच्या खोलीत आला. आईने सगळ्यांना चहा-पोहे केले. पहिली मागणी आली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढायचा. फ्रेम साधी हवी म्हणे.

“फोटो हलायचा नाही,” बाबा म्हणाले. “हात हलतोय तेवढा पुरे.”

शेवटी कॅमेरा हलला. पण शूटिंग सुरू झालं आणि निलेशचा चेहरा पडला. बाबांनी सकाळी गोळी घेतली होती आणि हात बऱ्यापैकी शांत होता. निलेश मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “यार, काहीच दिसत नाहीये. उद्या गोळी न घेता जमेल का अंकलना? एकच दिवस.”

मी त्याला दाराबाहेर काढायच्या बेतात होते. बाबांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, “जाऊ दे गं. माझ्यासारखे किती जण असतील. त्यांना कळेल तरी की आपल्यालाही खेळता येतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळी चुकवली. शूटिंगभर त्यांना कपही धरता येत नव्हता, आईने बशीतून चहा पाजला. कॅमेरेवाल्याने तेही टिपलं.

आणि गेम बाजारात यायच्या आदल्या आठवड्यात निलेशने ‘स्थिर’ काढून टाकलं.

मला विचारलंसुद्धा नाही. गेम आधी खेळून बघायला दिलेल्या काही नावाजलेल्या खेळाडूंनी बोंब मारली होती, धडधाकट लोकही हे चालू करतील आणि त्यांचा नेम फुकटात सुधारेल. मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

“स्पर्धेत बंद ठेव. बाकी ठिकाणी राहू दे. दोन दिवसांचं काम आहे, मी करते.”

“दीपिका, टाइम नाहीये. पुढच्या अपडेटला बघू.”

“आणि जाहिरात?”

“जाहिरात मस्त चाललीय ना! लोक रडतायत बघून.”

“त्यात जे दाखवलंय ते गेममध्ये नाहीये, निलेश.”

“अगं, शंभरात एखादा माणूस असतो असा. त्या एकासाठी मी बाकीच्यांना नाराज करू?”

“मग त्या एकाचेच हात दादरला कशाला टांगलेस? नव्याण्णव जणांचे टांग की!”

तो लॅपटॉपकडे वळला. असल्या माणसांना नेमके अशा वेळी ईमेल आठवतात.

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, शनिवारी गेम बाजारात आणायचा कार्यक्रम आहे, त्याला येऊ नका. तुम्हाला स्टेजवर बोलावतील, हातात फोन देतील आणि त्यात ‘स्थिर’ नसेल. बाबा आईला म्हणाले, “पांढरा शर्ट इस्त्रीला टाक. बोलावलंय तर जायला पाहिजे.”

कार्यक्रम लोअर परळच्या एका मोठ्या हॉलमध्ये होता. आई आणि मी पुढच्या रांगेत बसलो. मागच्या पडद्यावर बाबांचे हात भिंतीएवढे मोठे होऊन थरथरत होते. निलेशने त्यांना हाताला धरून वर नेलं. “आमचे हिरो, शामराव अंकल!” टाळ्या. त्याने बाबांना फोन दिला आणि फोटोवाल्यांसाठी त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

गेम सुरू झाला. बाबांनी नेम धरला आणि बंदूक नाचू लागली, अगदी पहिल्या दिवशीसारखी. खेळ बाजूच्या दुसऱ्या पडद्यावर सगळ्या हॉलला दिसत होता. गोळ्या छतात गेल्या, भिंतीत गेल्या, एकही डबा उडाला नाही. लोकांनी आधी ‘च्‌ च्‌’ केलं, आणि मग चक्क टाळ्या वाजवल्या. ‘असू दे, परत मारा’वाल्या टाळ्या. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

बाबा थांबले. मान वळवून त्यांनी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं.

“हात काढा.”

“अं? काय अंकल?”

“आमच्या भोईवाड्यात नेम धरलेल्या माणसाला हात लावत नाहीत. काढा.”

निलेशने हात काढला. बाबांनी त्याच्या दुसऱ्या हातातला माइक घेतला. माइकही थरथरत होता, पण आवाज नाही.

“जाहिरातीत मी डबे उडवतो ते खरं आहे. माझ्या मुलीने तसं बनवलं होतं. ते यात आहे का?”

“अंकल, ते येतंय. लवकरच.”

“म्हणजे आज नाही.”

निलेश हसायचा प्रयत्न करत होता.

“मग येईल तेव्हा मला बोलवा,” बाबा म्हणाले. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मागच्या पडद्याकडे बोट केलं. “तोवर माझे हात काढा तिथून.”

कुणी हललं नाही. पडद्याचं बघणारा माणूस निलेशकडे बघत राहिला, निलेश जमिनीकडे. मी उठले, स्टेजच्या कडेने मागे गेले आणि पडद्याची वायर खेचून काढली. माझी नोकरीही त्याच वायरीबरोबर गेली, त्याचं मला काडीचं दुःख नाही.

बाहेर फुटपाथवर आल्यावर बाबांचा हात इतका थरथरत होता की त्यांना शर्टाच्या खिशात बोटं घालता येईनात. आईने खिशात हात घातला आणि तिच्या हाताला सकाळची गोळी लागली. तशीच, न घेतलेली.

“अहो, हे काय! विसरलात?”

“विसरलो नाही. घेतली असती तर हात कमी हलला असता, चार डबे उडालेही असते. मग त्या पोराचं खोटं खपलं असतं ना.”

आईने बाटली उघडली, बाबांच्या जिभेवर गोळी ठेवली आणि हनुवटी धरून पाणी पाजलं. मी टॅक्सीला हात केला.